दारावर तुमचं नाव लागलं का?

परदेशी निघालेल्या लेकीसुनांच्या बॅगा भरणं हा आता आमच्या नाशिक रोडला घरोघरचा कार्यक्रम होऊन बसला आहे. पूर्वी एखाद्या आळीत एखादाच 'फॉरेनला' असायचा आणि त्याची आई बिटको चौकात भेटली, की चारजणी थांबून चौकशी करायच्या. आता एकाच जिन्यावर एकीचा मुलगा डब्लिनला, दुसरीची लेक टोरांटोला आणि तिसरीची सून दुबईला निघालेली असते. वजनकाटा या घरातून त्या घरात फिरत असतो. तेवीस किलो म्हणजे तेवीसच! मग भाजणी काढायची की मुलाचं स्वेटर, यावर रात्री बारापर्यंत खल चालतो.

आणि गंमत पाहा, देशातल्या कुठल्याही गावचा माणूस परदेशी निघाला, तरी त्याच्या हातातला पासपोर्ट छापला जातो तो आपल्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. १९२५ साली सुरू झालेला हा छापखाना. पोस्टाची तिकिटं इथली, स्टॅम्पपेपर इथले, तसे पासपोर्टही इथलेच. पासपोर्ट छापतो आपला गाव. पण आत आपलं नाव कोणतं लिहायचं आणि तिकडे गेल्यावर ते कुठे कुठे लावायचं, हे ज्याचं त्यालाच बघावं लागतं. खरं म्हणजे, जिचं तिला. आज मला बोलायचं आहे ते याच नावाविषयी.

२०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला गेलो. ह्यांची सातपूरच्या कारखान्यातून तीन वर्षांसाठी बदली झाली होती. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. मी इथल्या एका शाळेत शिकवत होते, ती नोकरी सोडली. मुदत संपल्यावर परत आलो. तेव्हापासून जाणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया याद्या घेऊन माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "काकू, काय काय न्यायचं?"

तेव्हा आधी स्वयंपाकघराचंच सांगून टाकते. युरोपात जाताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत. म्हणजे कितीही जीव तुटला तरी घरचं साजूक तूप आणि पेढे इथेच ठेवायचे. ताज्या कढीपत्त्याचंही तेच. खसखस दुबईला किंवा सिंगापूरला चुकूनही नेऊ नका, तिथे ती बंदी असलेली वस्तू आहे. आणि जर्मनीत पाहाल तर तीच खसखस केकमध्ये भरभरून घालतात! देश तसा वेश म्हणतात ते खसखशीलासुद्धा लागू आहे. मिक्सर जर्मनीत, इंग्लंडमध्ये आपलाच चालतो, फक्त पिनेचा जोड वेगळा घ्यावा लागतो. अमेरिकेत मात्र विजेचा दाबच निम्मा, तिथे आपला मिक्सर फिरत नाही. शेगडी इंडक्शनची असेल, तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो ते भांडं न्या. आणि घराच्या छताला धुराची घंटा असते, तेव्हा मिरचीची फोडणी खिडकी उघडून. गोडा मसाला, मेतकूट, पापड खुशाल न्या. कठीण दिवशी मऊ भातावर मेतकूट असलं, की निम्मं दुखणं पळतं.

पण मैत्रिणींनो, डबे भरणं सोपं आहे. पोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत बाईला जे सोसावं लागतं, ते डब्यात भरून नेता येत नाही.

आम्ही पोचलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे कामावर रुजू झाले. घर दुसऱ्या मजल्यावर, छान, उबदार. जर्मनीत भाड्याच्या घरात बहुधा ओटासुद्धा नसतो, तो भाडेकरूनं आपला आणायचा. आमच्या घरात आधीच्या बिऱ्हाडाचा ओटा होता, तो आम्ही विकत घेतला. गाव डोंगरांच्या मधल्या खोलग्यात वसलेलं आणि उतारावर शहरातच द्राक्षांचे मळे. नाशिककराला आणखी काय हवं! पण नोव्हेंबर म्हणजे त्या वेली काळ्या, बोडक्या. दुपारी साडेचार-पावणेपाचलाच अंधार. त्या वेळी इथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. म्हणजे माझी संध्याकाळ सुरू व्हायची आणि माहेर-सासर दोन्हीकडे अंथरुणं घातली जायची. फोन तरी कुणाला करणार?

तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ह्यांच्या आणि मुलाच्या तोंडचं 'अगं' आणि 'आई' सोडलं, तर तीन दिवसांत कुणी मला नावानं हाकच मारलेली नाही. घराचा भाडेकरार ह्यांच्या नावे. बँकेचं खातं ह्यांचं, फोन ह्यांच्या नावावर, वीज ह्यांच्या नावावर. माझ्या व्हिशावरसुद्धा मी कोण, तर ह्यांची पत्नी म्हणून आलेली. आता तुम्ही म्हणाल, यात नवल काय? आपल्याकडेही पाटी नवऱ्याच्याच नावाची असते! असते खरी. पण आपल्याकडे पाटी वाचतो कोण? नाशिक रोडला आमचा पोस्टमन पाटीकडे न बघता "बाई, रजिस्टर आहे" म्हणून जिन्यातून ओरडायचा. भाजीवाली, दूधवाला, शाळेतल्या मुलांच्या आया, मुक्तिधामच्या रस्त्यावरचा फुलवाला, सगळे मला ओळखतात. पाटीवर नाव नसलं तरी माणसांच्या तोंडी असतं. परक्या देशात तोंडी काहीच नसतं. तिथे बाई असते ती कागदावर. कागदावर नसेल, तर ती जणू नसतेच.

चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या घरमालकीण आजी वर आल्या. सत्तरीच्या, ताठ, तोंडानं कडक. हातात कागद-पेन्सिल. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात मी जर्मनची पहिली पायरी करून गेले होते, त्यामुळे तुटकं तुटकं कळलं. खालच्या घंटीवर आणि पत्रपेटीवर लावायला नाव हवं होतं. ह्यांनी आपलं आडनाव लिहून दिलं. आजींनी माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "आणि ह्यांचं?"

हे म्हणाले, "एकच कुटुंब आहे, एक नाव पुरे."

आजींनी मान हलवली. पासपोर्ट दाखवा म्हणाल्या. त्यावर माझं माहेरचं आडनाव होतं. त्यांनी पेन्सिलीनं ते टिपून घेतलं आणि समजावलं, "पेटीवर हे नाव नसेल, तर या नावाचं पत्र पोस्टमन टाकणार नाही. परत पाठवील."

आपल्याकडच्या बायकांच्या नावांची कहाणी त्या आजींना सांगायची तर पूर्ण दुपार गेली असती! लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, सासरी त्याच नावानं हाक मारतात. शाळा-कॉलेजचे दाखले माहेरच्या नावाचे. पासपोर्ट लग्नाआधी काढलेला, तोही माहेरच्याच नावाचा; आणि लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं अशी काही सक्ती नाही. रेशनकार्डावर मात्र सासरचं नाव. एका बाईची दोन-तीन नावं, आणि सगळी खरी! आपल्या गावात हे चालून जातं, कारण चार माणसं शपथेवर सांगतील, की ही तीच. तिकडे ती चार माणसं आणायची कुठून?

मला तेव्हा आनंदीबाई जोशींची आठवण झाली. माहेरची यमुना, लग्नानंतर आनंदी झाली. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती बोटीनं निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. गोपाळराव इकडेच राहिले होते. न्यू जर्सीत रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तिला घरात ठेवून घेतलं, आणि ११ मार्च १८८६ ला ती फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाली. तिच्या हालांच्या कथा आपण नेहमी वाचतो. पण मला त्या दिवशी वाटलं, की ती परक्या देशात उतरली ती स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या कामासाठी. कार्पेंटरबाई तिची वाट पाहत होत्या, कुणाच्या बायकोची नव्हे. आणि इतक्या वर्षांनी आमच्या शिकल्या-सवरल्या मुली परदेशात उतरतात आणि कागदावर त्यांच्यासाठी शब्द असतो 'डिपेंडंट'. म्हणजे अवलंबून असलेली. पंधरा-पंधरा वर्षं नोकरी केलेली बाई एका विमानप्रवासात अवलंबून होते!

असो. त्या संध्याकाळी पत्रपेटीवर दोन आडनावांची पट्टी लागली. कामावरून आल्यावर हे म्हणाले, "छान दिसतंय की गं!" मला तर ती सोन्याची वाटली.

मग मी ठरवलं, की घर लावायचं ते सावकाश. आधी नाव लावायचं. जर्मनीत नव्या घरात राहायला गेलं, की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ह्यांचं मत, की आपण एकटे जाऊन सगळ्यांचं करून येऊ. मी म्हटलं, "अहो, मी येणार. माझी सही मी करणार." तिघंही गेलो. खिडकीतल्या बाईनं माझ्या नावापुढचं वडिलांचं नाव पाहून विचारलं, की हे तुमचं दुसरं नाव का? आपल्याकडे बाईच्या नावात आधी वडील असतात आणि मग नवरा, हे ऐकून ती मनापासून हसली. मीही हसले. पण नोंद झाली.

त्यानंतर काही दिवसांनी पेटीत तीन पाकिटं पडली. नोंद झालेल्या प्रत्येकाला सरकार कराचा क्रमांक पाठवतं, अगदी मुलांनासुद्धा. एक ह्यांच्या नावाचं, एक चिरंजीवांच्या आणि एक माझ्या. एक पैशाची कमाई नव्हती, पण कर भरायला मी लायक ठरले होते! त्या देशात माझ्या एकटीच्या नावानं आलेलं ते पहिलं पत्र. मी ते ओट्यावर टेकवून ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बघत भात लावला.

त्याच आठवड्यात दाराला एक लाकडी पाटी टांगलेली दिसली. 'केअरवोखे'. आजींना विचारलं. ही तिकडची जुनी रीत. ज्या घराला पाटी, त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी त्या घराची. आता झाडणं-पुसणं आपल्याला का कुणी शिकवायला हवं? रोज अंगण झाडून रांगोळी काढणारी मी. जिना असा लखलखीत केला, की आजींनी कठड्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. पाळी संपल्यावर पाटी शेजारच्या दाराला टांगायची, ती टांगायला गेले आणि शेजारणीची ओळख झाली. पत्रपेटीनं पोस्टमनला माझं नाव सांगितलं, या पाटीनं घराला सांगितलं.

आता तुम्हाला वाटेल, नावाचं एवढं काय घेऊन बसलीस? तर ऐका.

चौथा आठवडा. हे दोन दिवसांसाठी दुसऱ्या गावच्या कारखान्यात गेले होते. रात्री नऊला मुलाचं अंग तापलं. माझा थर्मामीटर आपला, फॅरनहाइटचा: १०४. तिकडे सेल्सिअसमध्ये बोलतात. फ्रिजवर मी तक्ता चिकटवला होता: ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. त्याच्याखाली देवनागरीत लिहिलेली चार जर्मन वाक्यं: माझं नाव, पत्ता, मुलाचं वय, मुलाला ताप आहे. रात्री-अपरात्री डॉक्टरसाठी ११६११७ आणि जिवावरच्या प्रसंगी ११२, हे दोन आकडेही. फोन लावला. हातपाय कापत होते, पण वाक्यं वाचून दाखवली. पलीकडच्या माणसानं मुलांच्या रात्रीच्या दवाखान्याचा पत्ता दिला. आजींची घंटी वाजवली. त्या रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून टॅक्सीत बसल्या.

दवाखान्याच्या खिडकीशी विम्याचं कार्ड मागितलं. कार्ड यायचं होतं, तोवरचा तात्पुरता कागद माझ्या फायलीत होता. मग खिडकीतल्या बाईनं मुलाचं आडनाव पाहिलं, माझं पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मुलाच्या कोण?"

माय-लेकांची आडनावं वेगळी होती, तिचं काय चुकलं? विचारणं तिचं कामच होतं. पण मांडीवर लेकरू तापानं फणफणतं आहे आणि 'तुम्ही याच्या कोण' असं कुणी विचारतं, तेव्हा काळजात काय होतं, ते आईलाच कळेल. मी मुलाचा पासपोर्ट काढला, शेवटचं पान उघडलं. तिथे आईचं नाव छापलेलं होतं. ते आणि माझ्या पासपोर्टावरचं नाव अक्षरन् अक्षर एक होतं. मुलाचा पासपोर्ट काढताना घरी सगळे म्हणत होते, की आईचं नाव सासरचं घाल. मी आग्रहानं माझ्या पासपोर्टावरचंच घातलं होतं. बाईनं मान डोलावली आणि आम्हाला आत पाठवलं. विषाणूचा ताप होता, तापाचं औषध आणि भरपूर पाणी, तिसऱ्या दिवशी पोरगा घरभर नाचत होता. पण नाशिक रोडला छापलेल्या त्या एका पानानं परक्या गावात मध्यरात्री मला माझ्या मुलाची आई ठरवलं, हे मी जन्मात विसरणार नाही.

म्हणून मुलींनो, पहिल्या पंधरा दिवसांत पडदे, गालिचे, मसाल्याचे डबे यांच्यामागे लागू नका. ते होतच असतं. आधी या गोष्टी करा. पत्रपेटीवर पासपोर्टप्रमाणे तुमचं नाव लावून घ्या. बँकेत दोघांचं खातं उघडा आणि पैसे काढायचं कार्ड तुमचंही घ्या. मुलाच्या शाळेत आईचा फोन नंबर पहिला लिहा, कारण दुपारी घरी तुम्ही असता. घरचा पत्ता तिकडच्या भाषेत तोंडपाठ करा, मग बाकी भाषा येईल तेव्हा येवो. सगळ्यांच्या कागदांची एक फाईल तुमच्या हाताशी ठेवा. त्यात जन्माचे दाखले आणि विवाहनोंदणीचा दाखला हवाच. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ चा आहे. लग्न जुनं असलं तरी जायच्या आधी दाखला काढून ठेवा. माहेरची ती आणि सासरची ती एकच, हे सांगायला तो कागद उपयोगी पडतो.

आणि व्हिशावर काय लिहिलं आहे, ते स्वतः वाचा, नवऱ्याच्या तोंडून ऐकू नका. माझ्या जर्मन कार्डावर 'नोकरी-व्यवसायास परवानगी' असं स्पष्ट छापलेलं होतं. शेजारच्या जिन्यातल्या एका भारतीय मुलीच्या कार्डावरही तेच होतं, आणि दोन वर्षं ती 'मला परवानगी नाही' असं समजून घरी बसली होती! अमेरिकेत नवऱ्याच्या एच-वन व्हिशामागून एच-फोर व्हिशावर गेलेल्या बाईला आपोआप नोकरी करता येत नाही. २०१५ पासून त्यातल्या काही ठरावीक जणींना वेगळा परवाना मिळू लागला. देशागणिक नियम वेगळे आणि ते बदलतातही. पण ते माहीत असणं हा आपला हक्क आहे.

जर्मन पुढे शिकले, हळूहळू मैत्रिणी झाल्या, मराठी माणसंही भेटली. मराठी माणूस जिथे जातो तिथे मंडळ काढतोच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचं. गणपती, दिवाळी तिथे होईल. पण मंडळ महिन्यातून एकदा भेटतं, शेजारीण रोज. तेव्हा पहिली ओळख जिन्यातली करा.

शेवटचा शब्द इथे राहिलेल्या आयांना आणि सासूबाईंना. आपली पोर परदेशात पोचली, की आपण फोनवर विचारतो, "जेवलीस का? थंडी आहे का? पोळ्या कशा होतात?" विचारा, अवश्य विचारा, तेवढ्यानं तिला बरं वाटतं. पण त्याच दमात आणखी एक विचारा, "बाळा, दारावर तुझं नाव लागलं का?" नाही म्हणाली, तर जावईबापूंना किंवा आपल्याच चिरंजीवांना फोन द्यायला सांगा. पुढचं काय बोलायचं, ते तुम्हाला मी सांगायला नको.